मंगलची दहा बोटं

मावळातल्या गावांत मला कुणी माझ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. ‘बोटंवाल्या बाई आल्या’ असाच पुकारा व्हायचा. कुठं ग्रामपंचायतीत, कुठं शाळेच्या वर्गात, कुठं देवळाच्या सभामंडपात मी टेबल मांडायचे. काळ्या पेटीतून लॅपटॉप, कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि दुर्बिणीसारखं दिसणारं डोळ्यांचं यंत्र बाहेर काढायचे. तोवर बाहेर रांग लागलेली असायची. मी आधारची नोंदणी करायचे. त्याआधी वडगावला कंत्राटी टंकलेखिका होते. टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि त्यांना न घाबरणाऱ्या थोड्या जणींमध्ये मी होते, म्हणून ही पेटी माझ्या हाती आली. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, पेटी दुसऱ्या कुणाकडं गेली आहे, आणि मी तळेगावात घरी असते. पण अजून कुणी हातात हात दिला की माझी नजर आधी बोटांच्या टोकांकडं जाते.

काम सांगायला सोपं आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख ही माणसानं तोंडानं सांगायची, आणि मी ती टाइप करायची. बोटांचे ठसे आणि डोळ्यांतली बुबुळं ही त्याच्या शरीरानं सांगायची, आणि ती यंत्रानं घ्यायची. या सगळ्याचं एक कुलूपबंद पुडकं होऊन ते वर जातं. तिथलं मोठं यंत्र एवढंच बघतं, की हा माणूस आपल्याकडं आधीच आहे का? नसेल तर त्याला नंबर मिळतो. असेल तर अर्ज परत येतो. कुणाशी जुळला, कुठं जुळला, हे मला कधीही दिसत नसे, आणि दिसू नये हेच बरोबर.

सोपं असलं तरी मावळातली बोटं यंत्राला सहज वश होत नसत. भातलावणीच्या दिवसांत बायकांची बोटं पाण्यात राहून पांढरीफटक सुरकुतलेली असायची. गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांवर रेघच शिल्लक नसे. पवनेकडच्या एका आबांनी दहाही बोटं पुन्हा पुन्हा काचेवर दाबली, पण पडद्यावरचा लाल रंग काही हिरवा होईना. शेवटी ते हात झटकून मला म्हणाले, “घासून गेल्या रेगा, बाई. आता नव्या कुटनं आणू?” मी ओल्या फडक्यानं बोटं पुसायचे, जरा वेळ बसवायचे, पुन्हा प्रयत्न करायचे. बोटं नाहीच आली तर डोळे. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर आणखी कागद.

लोणावळ्याला वेगळीच माणसं भेटत. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई केवळ फोटो बदलायला आल्या होत्या. “या फोटोत मी फरारी आरोपी दिसते,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मॅडम, यात अख्खा देशच फरार दिसतो, तुम्ही एकट्या नाही.” त्या खळखळून हसल्या आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. तो फोटो त्यांना आवडला.

असे दिवस थोडे. एरवी माझ्या तोंडी एकच वाक्य जास्त असायचं, ‘सिस्टीम घेत नाहीये.’ ते ऐकून म्हातारी माणसं निमूट उठून जात. यंत्राशी भांडता येत नाही, हे त्यांना कुणी न सांगता कळलेलं असे. त्या पाठमोऱ्या माणसांची मला अजून हळहळ वाटते. पण मला इथं सांगायची आहे ती गोष्ट एका मुलीची, जिची बोटं यंत्रानं पहिल्या झटक्यात घेतली.

त्या वेळी मी आठवड्यातून ठरलेल्या वारी कामशेतला बसायचे. बेडसे गावच्या हौसाबाई एका उंच, सडपातळ मुलीला घेऊन आल्या. हौसाबाई विधवा, सत्तरीच्या आसपासच्या. भाताचं एक खाचर, आणि लेण्यांच्या पायऱ्यांखाली ताक, काकड्या, हंगामात करवंदं विकायची, यावर त्यांचं चालायचं. मुलगी विशीतली. धुतलेला पंजाबी ड्रेस, घट्ट वेणी. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळत होतं. बेडशातली एक मुलगी तिथं आधीच लागली होती, तिनं सुपरवायझरला सांगून ठेवलं होतं. अडलं होतं ते आधार कार्डावर.

“नाव काय तुझं?” मी मुलीला विचारलं.

“मंगल,” हौसाबाई म्हणाल्या. “तिला इचारू नका. ऐकू येत न्हाई तिला. बोलतबी न्हाई.”

“तुमची मुलगी?”

“माजीच हाय.”

सरपंचांचा रहिवासी दाखला होता, बाकीचे कागद नियमात बसत होते. जन्मतारीख अंदाजानं लिहिली. फोटोसाठी समोर बघायला सांगायचं होतं, तर हौसाबाईंनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून ती कॅमेऱ्याकडं वळवली. मंगल लगेच ताठ बसली. मी ऐकू न येणाऱ्यांच्या शाळेत शिकलेली मुलं पाहिली होती. यांच्या खुणा तशा नव्हत्या. त्या दोघींनी घरातच घडवलेल्या होत्या. हौसाबाईंच्या कपाळावर हिरवं गोंदण होतं. कपाळाला बोट लावलं की ‘हौसाबाई’. मिशीला पीळ दिला की त्यांचे वारलेले मालक. दोन तळवे कमानीसारखे जोडले की लेणी, आणि तागडी तोलल्यासारखा हात केला की कामशेतचा बाजार. अशा शेकडो खुणा होत्या, आणि त्या जगात दोनच माणसांना येत होत्या.

मंगलची दहाही बोटं पहिल्या फटक्यात हिरवी झाली. डोळेही. मी हौसाबाईंना म्हटलंसुद्धा, “मावशी, अशी बोटं मला क्वचित मिळतात.” त्या खूश होऊन गेल्या.

काही आठवड्यांनी अर्ज परत आला. कारण एकच होतं, ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. मला त्यात विशेष वाटलं नाही. आपण पूर्वी नोंदणी केली होती हेच विसरलेली माणसं पुष्कळ असत. मी पुन्हा अर्ज भरला. तोही तसाच परत आला. मग मी निरोप धाडून दोघींना बोलावलं.

“मावशी, हिचं आधार आधी कधी काढलं होतं का? शाळेत वगैरे?”

“शाळंत गेलीच न्हाई ती. कोन घेनार?”

“मग कुठल्या शिबिरात?”

“न्हाई वो. माझ्यासंगंच आसती कायम. म्या काय खोटं बोलती व्हय?”

“तसं नाही. पण यंत्र म्हणतंय, हिची बोटं त्याच्याकडं आहेत. कुणीतरी हिला हाताला धरून नेऊन ती द्यायला लावली असणार.”

हौसाबाईंचा चेहरा बदलला. मी रांगेतल्या लोकांना थोडं थांबायला सांगितलं, दार ओढून घेतलं आणि विचारलं, “मावशी, मंगल तुमच्याकडं कधीपासून आहे?”

मंगल आमच्या दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. हौसाबाई खाली बघून बोलू लागल्या.

त्या आणि त्यांचे मालक कामशेतच्या बाजाराला आले होते. एसटी स्टँडाजवळ माणसं जमली होती, आणि मधोमध सात-आठ वर्षांची एक पोर उभी होती. एक दूधवाला सांगत होता, की सोमाटण्याच्या फाट्यावर दूध उतरवताना ही गाडीत शिरून बसली, ते त्याला इथं आल्यावर कळलं. नाव विचारलं तर बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. लोक मोठमोठ्यानं विचारत होते, आणि तोंडं हलताना बघून ती जास्तच घाबरत होती.

“म्या काय केलं न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “नुसती म्होरं बसले न् काकडी दिली. तिनं एका हातानं काकडी घेतली, दुसऱ्या हातानं माजा पदर. त्यो सोडलाच न्हाई.”

दोघं तिला घेऊन चौकीत गेले. नोंद झाली, फोटो निघाला. पोलीस पाटलांनी मध्यस्थी केली, कुणी येईपर्यंत पोर यांच्याकडं राहू द्या म्हणाले. कुणी आलं नाही.

“पयलं पयलं वाटायचं, कुनी येतंय का न्हाई हिच्यासाटी,” हौसाबाई म्हणाल्या. “मग वाटाया लागलं, आता कुनी येऊ नये.”

मी त्यांना जे माहीत होतं ते स्पष्ट सांगितलं. पुण्याच्या केंद्रावर मंगलनं बोटं दिली, तर तिचं जुनं आधार शोधून मिळू शकतं. त्यावर तिचं नाव असेल, पत्ता असेल. आणि त्या पत्त्यावर माणसं असतील.

“आन् न्हाई गेलो तर?”

“नाही गेलात तर काही होत नाही. कुणी विचारायला येणार नाही. फक्त कार्ड मिळणार नाही, आणि नोकरीही.”

हौसाबाईंनी मंगलकडं बघितलं. मला वाटलं, त्या उठतील आणि मंगलला घेऊन बेडशाची वाट धरतील. तशा गेल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

“तिला सांगाया पायजे,” त्या म्हणाल्या. “मोटी झालीया. तिचं तिनं ठरवू दे.”

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात माझ्यासमोर झालेलं सर्वात अवघड बोलणं त्या खोलीत झालं, आणि त्यातलं मला काहीच समजलं नाही. हौसाबाईंनी हात पोटाशी नेले. मग मूल जोजवल्यासारखे हलवले. स्वतःच्या गोंदणाला बोट लावून नकाराची मान हलवली. खिडकीतून डोंगरापलीकडं हात केला. मंगल आधी हसली, चेष्टा चाललीय असं तिला वाटलं असावं. मग तिचं हसू थांबलं. तिनं कपाळाला बोट लावलं आणि पायानं जमीन धपधप आपटली. हौसाबाईंनी तिचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. त्यांना काही वेगळंही सांगता आलं असतं. त्या दोघींखेरीज ती भाषा कुणाला येत होती? माझ्या यंत्राला तर नाहीच.

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं, तुला जन्म दिलेली दुसरी हाय, म्या न्हाई. ती कुटंतरी आसंल.” त्यांनी डोळे पुसले. “तिला आटवत आसंलच की. यवढी काय ल्हान नव्हती. पर आमी दोगींनी त्यो इषय कदी काडला न्हाई. आमच्यात त्याला खूनच नव्हती.”

मंगल बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी रांगेतली माणसं घेतली. एका बाळाचं, एका नवऱ्या मुलीचं, एका रिक्षावाल्याचं काम झालं. मग मंगल आत आली, कुणाकडं न बघता टेबलाशी उभी राहिली आणि तिनं चार बोटं यंत्राच्या काचेवर ठेवली. रांग संपल्यावर यंत्र मी बंद केलं होतं. पण तिचं उत्तर आम्हाला कळलं.

पुण्याला मी त्यांच्यासोबत गेले. माझ्या कामात ते बसत नव्हतं, पण बोलता न येणारी मुलगी आणि पुणं न पाहिलेली बाई यांना एकटं पाठवणं मला जमेना. तिथल्या माणसानं मंगलचे ठसे घेतले, अर्ज वर पाठवला, आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. मग एक छापील कागद आला. नियमाप्रमाणं तो मंगलच्याच हातात दिला गेला. तिनं त्यावरच्या फोटोकडं बघितलं. दोन शेंड्यांची एक लहान मुलगी, डोळे विस्फारलेले. मंगलनं त्या फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि कागद माझ्याकडं दिला.

“काय लिवलंय?” हौसाबाईंनी विचारलं.

“नाव अनिता. गाव परभणी जिल्ह्यातलं.”

“अनिता,” त्यांनी म्हणून बघितलं. “चांगलं हाय की. तिला काय, मंगल न् अनिता, दोनीबी ऐकू येत न्हाईत.” आणि त्या हसल्या. केंद्राच्या त्या बाकावर तसं हसायला केवढं बळ लागलं असेल, याचा मी अजून विचार करते.

आम्हा नोंदणी करणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. एरवी त्यात ‘सर्व्हर बंद आहे का’ एवढंच विचारलं जायचं. त्यातून मी त्या तालुक्यातल्या एका ऑपरेटरला फोन लावला. मंगलविषयी काही न सांगता एवढंच विचारायला सांगितलं, की त्या गावात कुणाची ऐकू न येणारी मुलगी हरवली होती का. त्याचा उलट फोन संध्याकाळच्या आत आला. “मॅडम, आई आहे. ती माझ्याशेजारीच उभी आहे. आता मी तिला काय सांगू?”

आईचं नाव कौसल्या. ती आणि तिचा नवरा बांधकामावर मजूर होते. तळेगावातलं एक काम संपवून सगळी माणसं दोन टेम्पोंत भरून घाटाखालच्या कामावर निघाली होती. सोमाटण्याला चहासाठी टेम्पो थांबले. निघताना नवरा पुढच्या गाडीत बसला, कौसल्या धाकट्याला घेऊन मागच्या गाडीत. त्याला वाटलं पोर आईजवळ आहे, तिला वाटलं बापाजवळ. घाट उतरल्यावर कळलं. ते परत सोमाटण्याला आले, फाट्यावरच्या टपऱ्यांवर विचारत फिरले, पण दूधवाला केव्हाच कामशेतला पोचला होता. तक्रार त्यांनी नव्या कामाच्या ठिकाणी, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात दिली. इकडं कामशेतला सापडलेल्या मुलीची नोंद, तिकडं हरवलेल्या मुलीची. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. घाटानं त्यांना एकमेकींना भेटू दिलं नाही.

कौसल्याबाईंचा नवरा मधल्या काळात वारला होता. त्या आपल्या भावाला घेऊन बेडशाला आल्या. मीही गेले होते. हौसाबाईंच्या ओट्यावर सगळे बसले. मंगल हौसाबाईंच्या मागं उभी. कौसल्याबाई उंबऱ्यापाशीच थांबल्या आणि तिच्याकडं बघतच राहिल्या. धावत जाऊन मिठी मारणं असलं काही झालं नाही. समोर एक परकी, वाढलेली तरुण मुलगी होती. थोड्या वेळानं त्या माझ्याकडं वळल्या.

“बाई, मशीन चुकत तर नाई ना?”

“दहाही बोटं जुळलीत, दोन्ही डोळे जुळलेत,” मी म्हटलं. “ही तुमचीच आहे.”

“मग हीच,” त्या म्हणाल्या. पण ते त्यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांवर ठेवून नाही.

मग त्या पुढं झाल्या, मंगलसमोर बसल्या आणि हाताची पालथी बाजू स्वतःच्या गालावरून दोनदा फिरवली. मुलगी लहान असताना तिला जेवायला बोलवायची त्यांची ती खूण होती. मंगलनं अदबीनं बघितलं. तिला काही उमगलं नाही. कौसल्याबाईंनी पुन्हा केलं. मंगलनं हौसाबाईंकडं पाहिलं, ही काय म्हणतेय असं. कौसल्याबाईंचा हात मांडीवर पडला. तेवढ्यात हौसाबाईंनी नुसता अंगठा ओठाकडं नेला, आणि मंगल आत जाऊन पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आली. ते बघून कौसल्याबाई रडू लागल्या. दुसऱ्या बाईचं एक बोट हलतं आणि आपल्या लेकीला सगळं कळतं, हे त्यांना सोसवलं नाही.

भाऊ एव्हाना घड्याळ बघत होता. “चला ताई,” तो म्हणाला, “गाडी थांबलीय. पोरीला घेऊन निघू.”

हौसाबाई उठल्या. आतून त्यांनी एक पिशवी आणून ओट्यावर ठेवली. मंगलचे कपडे त्यांनी आधीच घड्या करून भरले होते. “न्या,” त्या म्हणाल्या. “तुमचीच हाय. म्या काय आडवनार न्हाई.” मंगलनं पिशवी पाहिली आणि तिनं हौसाबाईंचा दंड घट्ट धरला.

कौसल्याबाईंनी पिशवी उचलली नाही. “कशी नेऊ मी हिला?” त्या भावाला म्हणाल्या. “रातीला पोटात दुखलं तर सांगंल कसं मला? तहान लागली, भ्याव वाटलं, तर सांगंल कसं? माझ्या घरी नेऊन मी हिला पुन्हा मुकी करू का?” मग त्या हौसाबाईंकडं वळल्या. “मावशी, मलाच राहू द्या हितं थोडं दिवस. मला शिकवा ना हिचं बोलणं.”

भाऊ एकटाच गेला.

पुढं मी बेडशाला काही ना काही निमित्त काढून जायचे. एकदा तिघी चुलीपाशी होत्या. हौसाबाई खूण करत, कौसल्याबाई तीच करून बघत, आणि मंगल बरोबर की चूक ते मानेनं सांगे. कौसल्याबाईंनी मीठ मागायच्या जागी म्हैस मागितली, तेव्हा मंगल पोट धरून हसली. कौसल्याबाई माझ्याकडं वळल्या, मोठ्या अभिमानानं. “माझ्यावर हसली आज.” आणखी एक दिवस त्या म्हणाल्या, “मला खूण मिळाली, बाई. डोळ्याखाली अंगठा फिरवते ती माझ्यासाठी. रडकी म्हणते मला.” असं म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि तिघीही हसल्या.

हौसाबाईंना हे शिकवणं सोपं जात नव्हतं. एका दुपारी त्या मला लेण्यांच्या पायऱ्यांशी भेटल्या. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही फार मोठं काम करताय.” त्या ताकाचं भांडं पुसत राहिल्या. “येक येक खून तिला देताना वाटतं, माजं येक येक कायतरी चाललंय,” त्या म्हणाल्या. “पर म्या म्हातारी. देऊन टाकलेलं बरं.”

मंगल कारखान्यात लागली. जुनाच नंबर, जुनंच नाव. गळ्यातल्या ओळखपत्रावर अनिता, बेडशात मंगल. कंपनीची बस फाट्यावरून तिला घ्यायची. धाकट्या मुलासाठी कौसल्याबाईंना परभणीला परतावं लागलं, पण सणासुदीला आणि मंगलला सुट्टी असेल तेव्हा त्या येत. मंगलनं मोबाइल घेतला. ज्याला ऐकू येत नाही त्यानं फोनचं काय करायचं, असं गावात काहींनी विचारलं. व्हिडिओ कॉल लावून ती फोन कुंपणाच्या दगडावर टेकवून ठेवी आणि दोन्ही हातांनी परभणीला बोले. बेडशात रेंज धड नाही. चित्र मध्येच थिजायचं, आणि कौसल्याबाईंचा अर्ध्यावर थांबलेला हात बघत मंगल तिथं तशीच वाट पाहत बसायची. मी आयुष्यभर नेटवर्कला शिव्या घातल्या, पण माझं काम अडलं म्हणून. तिच्यासाठी एक वाक्य अडायचं.

हे सगळं यंत्रामुळं झालं, असं पुढं बरेच जण मला म्हणाले. यंत्राचं श्रेय मी नाकारत नाही, माझी भाकरी त्यावर होती. पण यंत्रानं फक्त एवढंच सांगितलं, की ही मुलगी आधीच कुणाची तरी आहे. त्यापुढचं सगळं हौसाबाईंना मिटवून टाकता आलं असतं, आणि ते कुठल्याही संगणकाला कळलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात हौसाबाई गेल्या. आजारपण नव्हतं. दुपारी भात पाखडून झाल्यावर जरा पडल्या, त्या उठल्या नाहीत. मंगल कामावर होती. शेजाऱ्यांनी तिच्या सुपरवायझरला फोन केला, आणि त्यानं तिला कसं सांगितलं असेल कोण जाणे. बहुधा हात धरून नुसतं गाडीत बसवलं असेल.

मला कळलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. मी पोचले तर घर बायकांनी भरलेलं. सगळ्या मंगलला जवळ घेत होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि बोलत होत्या. मावशी किती भल्या होत्या, कशा सुखानं गेल्या, आता तू धीर धर. मंगल प्रत्येकीच्या ओठांकडं बघत होती, माना डोलावत होती. ती रडत नव्हती. काल आल्यापासून ती रडलीच नाही, असं शेजारीण मला म्हणाली. मीही तिच्याजवळ बसले. मलाही शब्दांपलीकडं काही येत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिची एकही खूण नीट शिकले नव्हते.

उन्हं वर आली तेव्हा कौसल्याबाई पोचल्या. परभणीहून आदल्या संध्याकाळीच एसटीनं निघाल्या होत्या, कामशेतहून बेडशापर्यंत कुणाच्या तरी टेम्पोत बसून आल्या होत्या. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. बायकांमधून वाट काढत त्या मंगलसमोर जाऊन बसल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

मंगल त्या हातांकडं बघत राहिली. कौसल्याबाई थांबत थांबत, चुकतमाकत सांगत होत्या. एकदा त्यांचं चुकलं, तर मंगलनं त्यांचा हात धरून खूण दुरुस्त केली. मग तिनं उत्तर दिलं, आधी हळू, मग भराभर, कालपासूनचं साठलेलं सगळं. सांगता सांगता तिचा चेहरा विस्कटला, आणि ती मोठ्यानं रडू लागली. तिचा आवाज बेडशानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तरी तिचे हात थांबले नाहीत.

कौसल्याबाईंनी तिला मिठीत घेण्याची घाई केली नाही. मिठीत घेतलं असतं तर हात बांधले गेले असते. त्या समोर बसून, डोळ्यांतलं पाणी न पुसता, लेकीचं बोलणं शेवटपर्यंत बघत राहिल्या.

घरातल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. आम्ही सगळ्या उठून ओट्यावर आलो, आणि त्या दोघींना बोलू दिलं.